खिशातली डबी

सॅक घरंगळली तेव्हा तिचा आवाजही फारसा आला नाही. कारवीत काहीतरी जड पडल्यासारखी सळसळ झाली, एक दगड सुटला, आणि मग परत नुसता पाऊस.

राजगडावरून तोरण्याला निघालो होतो. मी, माझा रूममेट आणि ऑफिसातला एक मित्र. सप्टेंबरचा शेवटचा शनिवार. संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातून उतरायचं, डोंगरधारेवरून चालत राहायचं आणि समोरच्या बुधला माचीवर चढायचं, हा सह्याद्रीतला नेहमीचा रेंज ट्रेक आहे. त्यात फार शौर्य वगैरे नाही. वाटेत एक डांबरी रस्तासुद्धा आडवा येतो. पण आम्ही उशिरा निघालो, धुकं उतरलं, आणि गुरांच्या वाटेला आपली वाट समजून आम्ही धार सोडून उतारावर आलो. तिथे ऑफिसातल्या मित्राचा पाय मुरगळला. त्याला उठवायला म्हणून मी पाठीवरची सॅक काढून बाजूला ठेवली. बास, एवढंच. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते.

आता आमची हुशारी ऐका. निघण्यापूर्वी आम्ही सामान वाटून घेतलं होतं. एकाकडे पाणी, एकाकडे खाणं, आणि माझ्याकडे ‘इमर्जन्सी’, म्हणजे टॉर्च, औषधं, जर्किनं, पॉवर बँक, काडेपेटी. तिघंही सॉफ्टवेअर इंजिनियर. सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर कसा टाळावा यावर आठवड्यातून दोन मीटिंगा करणारी माणसं. आणि आम्ही तिघांचा जीव एका सॅकमध्ये भरून ती उतारावर ठेवली.

खिशात काय होतं? माझ्या खिशात नऊ टक्के चार्ज असलेला फोन, ऑफिसचं आयकार्ड (का आणलं होतं कोण जाणे) आणि भिजून लगदा झालेली पन्नासची नोट. रूममेटच्या खिशात बाईकची किल्ली. मित्राच्या खिशात काहीच नाही. फोनला रेंज नव्हती. त्याच्या उजेडात सॅक शोधायचा प्रयत्न केला, तर धुक्यात उजेड भिंतीसारखा परत अंगावर येत होता. अर्ध्या तासात तोही गेला.

एका कातळाच्या आडोशाला तिघं एकमेकांना चिकटून बसलो. ग्लुकोजची बिस्किटं होती, पाणी होतं. पण अंगातली थंडी थांबत नव्हती. पुण्यापासून दोन तासांवर, सप्टेंबरमध्ये थंडीने माणूस मरू शकतो हे मला वाचून माहीत होतं. भिजलेल्या कपड्यांत वारा लागला की बर्फ पडायची गरज नसते. मित्र मध्यरात्रीनंतर कुडकुडायचा थांबला, तेव्हा आम्हाला वाटलं, चला, त्याला बरं वाटायला लागलं. ते बरं वाटणं नसतं, तर शरीर हरायला लागल्याची खूण असू शकते, हे मला नंतर कळलं. त्या रात्री आम्ही त्याला मध्ये घेतलं, ते केवळ त्याचा पाय दुखत होता म्हणून. आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

ओरडलो खूप. घसा बसेपर्यंत. सकाळी धुकं फाटलं तेव्हा म्हशी घेऊन आलेले एक धनगर मामा दिसले. त्यांचं घर हाकेच्या अंतरावर होतं. मी म्हटलं, रात्री आमचं ओरडणं ऐकू आलं नाही का? ते म्हणाले, “आलं की. पण गडावर पोरं वरडत्यातच. आमाला काय कळनार?” खरंच आहे. आम्ही स्वतः आदल्या दिवशी गडावर घसा फाडून घोषणा दिल्या होत्या.

सॅक तीसेक फुटांखाली एका झुडपात अडकलेली सापडली. कोरडी. कव्हर घातलेलं होतं ना.

म्हणून मग खिशातली डबी. जी पाठीवरून काढावी लागत नाही, जी मित्राला उठवताना बाजूला ठेवावी लागत नाही, आणि जी तिघांच्या खिशात तीन असते.

इंजिनियर माणूस काय करणार? आधी एक्सेल शीट केली. आत काय भरायचं याची यादी एका संध्याकाळी झाली. कशात भरायचं, यात अडीच महिने गेले.

या विषयावर वाचायला लागलं की सगळे रस्ते दोन ठिकाणी जातात. एक, अमेरिकेतली पेपरमिंटच्या गोळ्यांची बिजागरीवाली पत्र्याची डबी. दोन, १९८६ साली आलेलं जॉन वाइजमन यांचं ‘एसएएस सर्व्हायव्हल हँडबुक’. ब्रिटिश सैन्यातल्या या गृहस्थांनी सांगितलंय की दोन औंसाची तंबाखूची डबी घ्या, झाकणाची आतली बाजू घासून आरशासारखी करा म्हणजे उन्हात इशारा देता येईल, फटीवरून चिकटपट्टी मारा, आणि आत उरलेल्या जागेत कापूस भरा. कापसाने वस्तू खुळखुळत नाहीत आणि विस्तव पेटवायलाही तो कामाला येतो. त्याच्याही मागे गेलं तर दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात विमान पडलं तर सुटून यायला वैमानिकांना जी पेटी मिळायची, ती ब्रिटनच्या एमआय-९ या खात्याने आधी पन्नास सिगारेटींच्या चपट्या पत्र्याच्या डब्यात बसवली होती. प्लास्टिकची पेटी नंतर आली. म्हणजे या डबीच्या घराण्यात तंबाखू पहिल्यापासून आहे. हे वाचताना मी थोडा थांबलो होतो. का, ते पुढे येईल.

वाइजमन यांच्या यादीतलं बरंच काही मी सोडून दिलं. मासे पकडायचे गळ घेऊन तोरण्याच्या धारेवर मी काय करणार? सशाला फास लावायची तार आपल्याकडे काढली तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आत जायची सोय. पाणी साठवायला त्यांनी निरोधही सांगितलाय, लिटरभर पाणी राहतं म्हणे. कल्पना उत्तम आहे. पण आईने कधी डबी उघडली, तर तिला हे समजावून सांगण्यापेक्षा तहानेने मेलेलं बरं.

माझी यादी साधी. क्लोरिनच्या गोळ्या, ओआरएसची दोनशे मिलीची लहान पुडी, दोन पॅरासिटामॉल, अ‍ॅलर्जीची एक गोळी, जखमेवर लावायच्या पट्ट्या, सेफ्टीपिना, सुई आणि जाड दोरा, बोटभर लांबीची काडीकाडीने वापरायची आग, बटणाच्या सेलवरचा इवलासा दिवा, पाचशेची एक घडी घातलेली नोट आणि घरचा नंबर लिहिलेला कागद. नंबर कागदावर का, तर फोन गेल्यावर मला कळलं की आईचा नंबर मला पाठ नाही.

शिट्टी यादीत पहिली होती, पण डबीत ठेवायची नाही हे लवकर ठरलं. जी वस्तू पहिल्या मिनिटाला लागते, ती झाकणाच्या आड नको. शिट्टी गळ्यात. एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, परत सहा. डोंगरातला हा ठरलेला इशारा आहे, उत्तर देणाऱ्याने मिनिटाला तीन वेळा द्यायचं. अशी मोजूनमापून वाजलेली शिट्टी निदान ‘पोरं वरडत्यातच’ या सदरात तरी पडली नसती.

मग परीक्षा सुरू झाल्या. तीन ठेवल्या. पहिली बादलीची: आत टिश्यू पेपर ठेवून डबी रात्रभर बादलीच्या तळाशी, वर दगड. दुसरी बर्फाची: बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटं हात बुडवायचे आणि मग डबी उघडून आतली सुई बाहेर काढायची, रूममेट स्टॉपवॉच लावून उभा. ही परीक्षा कुणी सांगितलेली मला तरी वाचायला मिळाली नाही, पण त्या रात्री गारठलेली बोटं नीट चालत नव्हती, ते मी विसरलो नव्हतो. आणि तिसरी खिशाची: ट्रेक असो-नसो, आठवडाभर डबी पँटच्या खिशात. बसमध्ये, ऑफिसच्या खुर्चीत, जेवताना.

पेपरमिंटची प्रसिद्ध डबी एकाने अमेरिकेहून आणून दिली होती. साडेनऊ सेंटीमीटर लांब, सहा रुंद, दोन खोल. दिसायला देखणी. बादलीत दहा मिनिटांत टिश्यूचा लगदा. कंपासपेटी काढली, कारण कपाटात होती आणि तिच्या झाकणाच्या आत दहावीची वेळापत्रकाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. पण ती मावेल असा खिसा शिवून घ्यावा लागला असता. प्रवासातली साबणाची डबी, निळी गोल क्रीमची डबी, दोन्ही नापास, फार बोलण्यासारखं नाही.

रबरी पट्टी आणि चार कड्या असलेली छोटी प्लास्टिकची डबी बादलीतून कोरडी ठणठणीत बाहेर आली. गार बोटांनीही कड्या उघडल्या. मी जवळजवळ निकाल लावला होता. पण खिशात ती वीट ठेवल्यासारखी दिसायची. मंगळवारी दोघांनी विचारलं, खिशात काय आहे? बुधवारी मी ती बसायच्या आधी काढून टेबलावर ठेवली. गुरुवारी ती टेबलावरच राहिली. शुक्रवारी घरून निघताना मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, आज कुठे डोंगरात जायचंय. म्हणजे ही पण सॅकच झाली. नुसती लहान सॅक.

तिथे माझ्या शीटमधला एक कॉलम मला पहिल्यांदा वर न्यावा लागला. पाणी न शिरणं वगैरे सगळं ठीक, पण ती डबी नकळत खिशात राहते का?

फिल्म रोलच्या डब्यांसाठी गावाकडच्या जुन्या फोटो स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाल्या काकांनी खणाच्या तळातून तीन काढून दिल्या, पैसे घेतले नाहीत, वर “अजून कुणी विचारतं होय?” म्हणाले. पाणी शिरत नाही, वजन नाही, काड्या ठेवायला यासारखं काही नाही. पण तीन सेंटीमीटरच्या गोलात ओआरएसची पुडी दुमडून बसवताना पुडी फुटली. मग प्रीफॉर्म. प्लास्टिकची बाटली फुगवून मोठी करण्यापूर्वी जी जाड परीक्षानळीसारखी असते, ती. हवा भरण्यापूर्वीचं बाटलीचं बाळ म्हणा. आटे असलेलं झाकण, थेंबभर पाणी शिरत नाही, वरून गाडी गेली तरी बहुधा टिकेल. पण तोंड इतकं अरुंद की सुई काढायला सगळं सामान हातावर ओतावं लागतं. रात्री, चिखलात, पावसात ओतायचं कुठे?

आणि मग दिवाळीला घरी आलो.

आमचे अप्पा तालुक्याच्या गावी वीज कंपनीत वायरमन होते. बत्तीस वर्षं खांबांवर चढले. त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात एक स्टीलची डबी असायची, दोन तोंडांची. मोठ्या बाजूला तंबाखू, उलटी केली की छोट्या बाजूला चुना. तुम्ही बघितली असेल, एसटी स्टँडवर दहापैकी तीन खिशांत असते. लहानपणी मला त्या डबीचा हेवा वाटायचा. अप्पा चष्मा विसरायचे, टेस्टर विसरायचे, एकदा तर मला शाळेत विसरले होते. डबी कधी विसरली नाही. पावसात खांबावर असताना ते एका हाताच्या अंगठ्याने तिचं झाकण उडवायचे, आधीच मळून ठेवलेली चिमूट काढायचे, आणि त्याच हाताच्या तळव्याने झाकण बंद करायचे. टक उघडली, टक मिटली.

चौदा महिन्यांपूर्वी त्यांच्या खालच्या ओठाच्या आत, जिथे ती चिमूट रोज बसायची बरोबर त्याच जागी, एक पांढरा चट्टा सापडला. दाढ दुखते म्हणून गेले होते. तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला आठवडा लागला, त्या आठवड्यात घरात टीव्ही लागला नाही. कॅन्सर नाही, पण होऊ शकतो, तंबाखू आजपासून बंद, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. अप्पांनी बाहेर येऊन डबी आईच्या हातात दिली. त्यानंतर खाल्लेली नाही. म्हणजे, आमच्या माहितीत.

तर माझ्या शीटमध्ये जे लिहायचं मी महिनाभर टाळत होतो, ते हे. चपटी आहे, खिशात बसते, एका हाताने उघडते, दोन कप्पे आहेत, म्हणजे गोळ्या एकीकडे आणि आग एकीकडे. ब्रिटिश सैन्य ज्याला तंबाखूची डबी म्हणतं, त्यापेक्षा आमच्या एसटी स्टँडवरची डबी दहापट चांगली आहे. आणि बत्तीस वर्षांची खिशाची परीक्षा पास झालेली आहे.

मी आईला विचारलं, अप्पांची डबी कुठे आहे? ती लाडू वळत होती. हात थांबला. “तुला कशाला पाहिजे?” मी सर्व्हायव्हल किट समजावून सांगायला लागलो. ती उठली, जवळ आली आणि म्हणाली, “तोंड उघड बघू.”

सत्तावीस वर्षांचा घोडा मी, स्वयंपाकघरात आ करून उभा राहिलो. तिने वास घेतला, जीभ उचलायला लावली, मग फ्यूज आणि जुन्या मीटरच्या डब्यातून, म्हणजे जिथे मी शोधायची शक्यता सगळ्यात कमी, तिथून डबी काढून दिली. राखेने घासलेली होती. तरी नाकाशी नेली की वास होताच.

रात्री अप्पा ओसरीवर बसले होते. मी बादली आणली, बर्फ आणला, टिश्यू आणले. राजगड-तोरण्याची रात्र मी घरी सांगितली नव्हती, ती त्या दिवशी सांगितली, थोडी कमी करून. अप्पांनी सगळं ऐकलं. बादलीतून डबी काढली तेव्हा आतला टिश्यू चिंब होता. ते हसले.

“पाणी जाणारच की आत. पत्र्याला पत्रा लावलाय नुसता.”

“मग पावसात तंबाखू भिजायची नाही?”

“आतमधी पिशवीची पुडी असायची, तिला पीळ मारलेला. डबी पाण्यासाठी नसतीच. चेंगरू नये म्हणून डबी. पाणी आडवायचं काम पुडीचं.”

इतके दिवस मी एकाच भांड्याकडून दोन कामं मागत होतो. अप्पांच्या वाक्याने माझ्या शीटमधली निम्मी गणितं निकालात निघाली. प्रत्येक वस्तू वेगळ्या पुडीत बांधली तर पाणी शिरलं तरी एकच पुडी जाते, आणि एक पुडी बाहेर काढताना बाकीच्या उघड्या पडत नाहीत. मी विचारलं, आणि झाकण आपोआप उघडू नये म्हणून? सायकलच्या जुन्या ट्यूबची आडवी कापलेली चकती चढवायची, म्हणाले. ओल्या हाताला पकड येते, आणि आणखी एक. ट्यूब भिजली तरी पेटते. पावसात शेकोटी लावायला खांबाखाली आम्ही तेच वापरायचो.

मला इतकं भारी वाटलं की मी म्हटलं, थांबा, गार हाताची परीक्षा घेऊ. दोन मिनिटं हात बर्फात घातले, डबी उचलली, आणि त्यांच्यासारखा अंगठा मारला.

टक.

अप्पांचा उजवा हात वर गेला. शर्टाच्या खिशाकडे. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. बोटं खिशात जाऊन चाचपून आली, आणि मग त्यांनी त्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी डबी मिटवली. तीही टक करूनच मिटते.

जरा वेळाने ते म्हणाले, “न्यायची तर ने पुण्याला. पण हितं खिशातनं काढू नको माझ्यासमोर.”

मी काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. ते म्हणाले, तोंडाला आता काही वाटत नाही रे, पण हाताला वाटतं. हाताला अजून कुणी सांगितलेलं नाही. मग उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी अभ्यंगस्नानाला नेहमीसारखे पहिले उठले, त्या विषयावर अक्षर नाही.

मी ती डबी पुण्याला नेली, पण किट तिच्यात भरलं नाही. भरलं असतं तर महिन्यातून दोनदा घरी जाताना ती कुठेतरी काढून ठेवायला लागली असती, आणि जी डबी काढून ठेवावी लागते ती एक दिवस तिथेच राहते, हे मला गुरुवार-शुक्रवारचं चांगलं लक्षात होतं. खरं कारण हे नाही, हे माझ्याही लक्षात आहे. सध्या तिच्यात सिमकार्ड काढायची पिन आणि दोन पेन ड्राइव्ह असतात, आणि ती टेबलाच्या खणात असते.

निवडली ती भलतीच वस्तू, आणि ती दोन महिने माझ्या बाथरूमच्या फळीवर पडून होती. पाण्यात फसफसणाऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्या येतात ना, संत्र्याच्या चवीच्या, त्यांची दहा गोळ्यांची आखूड नळी. तिच्या झाकणातच ओल शोषणारे दाणे भरलेले असतात, कारण त्या गोळ्यांना दमट हवेचीही भीती असते. झाकणाला एक ओठ असतो, तो अंगठ्याने वर ढकलला की एका हाताने उघडते, ‘पॉक’ असा आवाज येतो. हा आवाज कुणाच्याही हाताला काही सांगत नाही. तोंड दोन बोटं आत जातील एवढं. अप्पांच्या पद्धतीने सगळं बारीक पुड्यांमध्ये पिळून, ओआरएसची पुडी न दुमडता गुंडाळून कडेने, मध्ये बाकीचं, वर थोडा कापूस. बाहेरून ट्यूबच्या दोन चकत्या. बादलीत रात्रभर: कोरडी. बर्फाच्या हातांनी सुई बाहेर: अकरा सेकंद. खिशात ती चपटी बसत नाही, हे खरं, तक्रार आहे. मांडीला टोचते. पण शर्टाच्या खिशात पेनासारखी उभी राहते. त्यासाठी मी टी-शर्ट सोडून खिसेवाले शर्ट घालायला लागलो. ऑफिसात एकीने विचारलं, इंटरव्ह्यू देतोयस का कुठे?

जानेवारीत तोच ट्रेक परत केला. तेच तिघं, तीन नळ्या, तीन शिट्ट्या, पहाटे निघालो आणि दुपारी चारला बुधला माचीवर होतो. स्वच्छ ऊन. नळी कुणालाच उघडावी लागली नाही. ज्या कातळाआड रात्र काढली तो दिवसा इतका बारका दिसला की ऑफिसातला मित्र म्हणाला, हा नसेल. होता तोच. धनगर मामांच्या घरी ताक प्यायलो, त्यांना एक शिट्टी दिली आणि सहा वेळा वाजली तर काय समजायचं ते सांगितलं. त्यांनी ती लगेच म्हशींवर वाजवून बघितली. म्हशींनी ढुंकूनही बघितलं नाही.

त्या आठवड्यात घरी गेलो तेव्हा खिशातून नळी काढून टेबलावर ठेवली. अप्पांनी उचलली, पॉक करून उघडली, पुड्यांचे पीळ बघितले, दोन सोडून परत घट्ट मारले. मग म्हणाले, असली अजून एक आहे का?

आहे म्हटलं. रिकाम्या चार होत्या, मी गोळ्या संपायच्या आधीच नवीन आणत होतो.

आता त्यांच्या वरच्या खिशात एक असते. लवंगा आणि भाजलेली बडीशेप. हात वर जातो तेव्हा तिथे काहीतरी लागतं, एवढंच. मार्चमधल्या तपासणीला चट्टा वाढलेला नव्हता, कमीही नव्हता. पुढची जूनमध्ये आहे. परवा फोन केला तेव्हा मी विचारलं, नळी बरी आहे ना, पकड वगैरे? अप्पा म्हणाले, पकड चांगली आहे, पण कितीदा धुतली तरी बडीशेपेला संत्र्याचा वास येतो, पुढच्या वेळी लिंबाची आण.